जपानी कादंबरीतलं लफडं वाचायचं कसं: ज्याला सगळं माहीत आहे आणि जो गप्प आहे त्याला शोधा

तानिझाकी जुनइचिरोची 'कागी', म्हणजे किल्ली, ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी अर्ध्या पुस्तकापर्यंत नुसती वाट बघत बसले होते की आता भांडण होईल, आता कोणीतरी रंगेहाथ सापडेल, आता बायको बॅग भरून माहेरी जाईल, कारण आपल्या सिरियल्समधे असंच होतं आणि शेजारीपाजारीही साधारण असंच होतं. तसं काही झालंच नाही. पुस्तक संपलं, मी वैतागले, एवढं नाव ऐकलं होतं आणि हे काय. मग वर्षभराने परत हातात आलं आणि या वेळी मात्र रात्री झोप लागेना. पहिल्या वेळी मी लफडं करणाऱ्या दोघांकडे डोळे लावून बसले होते आणि गोष्ट चालली होती तिसऱ्याच्याच डोक्यात.

तेव्हापासून अशा कादंबऱ्या वाचायची माझी एक पद्धत पडलीये, ती सांगते. मैत्रिणी विचारतात की जपानी लेखक इतकं थंड कसं लिहितात, नवरा-बायको-बाहेरचा माणूस एवढं सगळं असून काही घडतच नाही. घडतं हो, खूप घडतं, फक्त बघायची जागा वेगळी आहे.

वहीचं एक कोरं पान घ्या. डावीकडे पात्रांची नावं एकाखाली एक लिहा, नवरा, बायको, बाहेरचा किंवा बाहेरची, मुलं, सासरा, मोलकरीण, सगळे, मोलकरीण अजिबात सोडू नका. प्रत्येक नावापुढे दोनच गोष्टी लिहायच्या, ह्याला काय माहीत आहे, आणि ह्याला माहीत आहे हे कोणाला माहीत आहे. बस. पेन्सिलनेच लिहा. धडा संपला की पान उघडायचं आणि काय बदललं ते बघायचं. सुरुवातीला शाळेतल्यासारखं वाटेल पण दोन-तीन धड्यांनंतर लक्षात येतं की लेखकाने पण मनात हेच पान धरून लिहिलंय.

हे जपानी गोष्टींना इतकं का लागू पडतं त्याचं मूळ फार जुनं आहे, हजार वर्षं मागे, 'गेंजी मोनोगातारी'मधे. मुरासाकी शिकिबु ह्या राजदरबारातल्या बाईने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेली ५४ अध्यायांची गोष्ट. सगळी वाचायचा धीर नसेल तर निदान 'वाकाना' हा भाग वाचा, दोन तुकड्यांत आहे आणि लांबलचक आहे, पण लफड्याची गोष्ट रचायची कशी हे त्यात सगळं आहे. गोष्टीचा नायक गेंजी आता चाळिशीत पोचलाय, त्याचं एका अगदी तरुण राजकन्येशी लग्न लावून दिलंय, तिला सगळे तिसरी राजकन्या म्हणतात. काशिवागी नावाचा तरुण सरदार अंगणात मित्रांबरोबर चेंडू खेळतोय. आतून एक छोटं मांजर दुसऱ्या मांजराला घाबरून पळत सुटतं, त्याच्या गळ्यात दोरी, ती दोरी पडद्यात अडकते आणि बांबूचा पडदा बाजूला सरकतो. आत राजकन्या उभी. त्या काळात घरंदाज बाई परपुरुषाला दिसणं म्हणजे केवढी गोष्ट, आणि इथे तर ती उभी आहे, बसलेलीही नाही. काही क्षणांचं दृश्य आहे हे. काशिवागी पुढे खटपट करून ते मांजर मिळवतो आणि कुशीत घेऊन झोपतो. मी हे वाचून पुस्तक मांडीवर ठेवून नुसती बसले होते, माणसाचा हात त्या बाईपर्यंत पोचत नाही तर तिच्या मांजरापर्यंत पोचतो.

पण आपल्या पानासाठी महत्त्वाची जागा पुढे आहे. सगळं होऊन गेलंय, राजकन्येला दिवस गेलेत, गेंजी तिला भेटायला आलाय आणि निघताना आपला पंखा शोधतोय. बैठकीच्या कडेखालून फिकट हिरव्या पातळ कागदाचं टोक दिसतं. तो काढतो, वाचतो, काशिवागीचं अक्षर ओळखतो. दासी लांबून बघते आणि तिच्या पोटात गोळा येतो. इथे आपण लिहिलं असतं तर आरडाओरडा झाला असता. गेंजी काहीच बोलत नाही. त्याला आठवतं की आपण तरुणपणी काय केलं होतं, खुद्द बापाच्या, म्हणजे सम्राटाच्या, लाडक्या राणीशी, फुजित्सुबोशी, आणि तिला झालेला मुलगा सम्राटाचा म्हणून वाढला आणि पुढे गादीवरही बसला. आणि आता त्याच्या मनात येतं की बाबांना पण कळलं असेल का तेव्हा? कळूनही त्यांनी कळलं नसल्याचा चेहरा करून आयुष्य काढलं का?

कळलं नसल्याचा चेहरा. जपानीत आजही शब्द आहे, शिरान काओ. मराठीत आपण म्हणतो कानाडोळा केला, मूग गिळून गप्प बसला. जवळ जातात दोन्ही पण पूर्ण नाही, कारण कानाडोळा करणाऱ्याला विषय टाळायचा असतो आणि मूग गिळणारा घाबरून गप्प असतो. शिरान काओ हा मुद्दाम धारण केलेला चेहरा आहे, तो धरून ठेवायला ताकद लागते आणि त्याने समोरच्याचा जीव जाऊ शकतो. काशिवागीचा खरंच जातो. एका समारंभात गेंजी दारू चढल्यासारखं दाखवत त्याच्याकडे टक लावून बघतो आणि म्हातारपणाबद्दल एक-दोन हसरी वाक्यं बोलतो, बाकीच्यांना गंमत वाटते, काशिवागीला कळतं की ह्याला कळलंय, तो अंथरूण धरतो आणि उठतच नाही. तलवार नाही, विष नाही, नुसती एक नजर. आणि मग गेंजी ते दुसऱ्याचं बाळ, कावोरू, मांडीवर घेतो, आपलंच म्हणून. तुमच्या पानावर ह्या वेळी गेंजीपुढे किती काय लिहिलेलं असेल बघा, आणि त्या बाळापुढची जागा कोरी.

आता शब्द. हे नीट समजून घ्या कारण भाषांतरात सगळ्याला एकच शब्द वापरला जातो आणि अर्धी चव तिथेच जाते. उवाकी म्हणजे तरंगतं मन, चंचलपणा, हलका शब्द आहे, मैत्रीण मैत्रिणीला चिडवताना पण वापरेल. फुरिन जड आहे, त्यातला रिन म्हणजे माणसामाणसातल्या नात्यांची रीत आणि फु म्हणजे ती नसणं, लग्न झालेल्या माणसाच्या बाहेरच्या संबंधाला आज हाच शब्द. कान्त्सू हा कायद्याचा शब्द, त्याच्यावर येतेच. आणि माझा सगळ्यात आवडता, शुराबा. नवरा, बायको आणि तिसरी व्यक्ती समोरासमोर येतात आणि भडका उडतो त्या प्रसंगाला शुराबा म्हणतात, आणि ह्यातला शुरा म्हणजे आपला असुर! बौद्ध धर्माबरोबर संस्कृतातला असुर चीनमार्गे जपानला गेला, असुर आणि इंद्राचं युद्ध जिथे झालं ती जागा शुराबा, आणि आज तो शब्द सापडतो कुठे तर नवऱ्याच्या फोनवर मेसेज सापडल्यावर किचनमधे जे होतं त्याला. मला हे कळलं तेव्हा मी घरात सगळ्यांना सांगत सुटले होते. दुपारच्या टीव्ही मालिकांना, हिरुदोरा म्हणतात त्यांना, त्यात शुराबा भरपूर असतो आणि तिथल्या नात्यांना लोक दोरोदोरो म्हणतात, म्हणजे चिकट, चिखलासारखं लिबलिबीत. ते बघायला मजा येते, मीही बघते. पण कादंबरीत शुराबा शोधू नका, तो बहुतेक वेळा येतच नाही, आणि आला तरी भलत्याच ठिकाणी येतो.

भलत्याच ठिकाणी म्हणजे कुठे, तर चिकामात्सु मोंझाएमोनचं 'शिंजू तेन नो आमिजिमा' बघा, १७२१ सालचं, ओसाकात कठपुतळ्यांच्या रंगमंचासाठी लिहिलेलं, आदल्याच वर्षी खरोखर घडलेल्या एका जोडप्याच्या आत्महत्येवरून. शिंजू म्हणजे प्रेमिकांनी मिळून मरणं. कागदाचा दुकानदार जिहेई, त्याची बायको ओसान, दोन मुलं, आणि वेश्यावस्तीतली कोहारु. जिहेई कोहारुसाठी दुकान बुडवतोय. मग कोहारु अचानक पाठ फिरवते आणि हा संतापतो, पण तिच्याकडे एक चिठ्ठी असते, ती जिहेईच्या भावाच्या हाती लागते, तो पाठवणाऱ्याचं नाव बघतो आणि चिठ्ठी गपचूप ठेवून देतो. प्रेक्षकांना चिठ्ठी दिसली, जिहेईला नाही. पानावर लिहा.

दुसऱ्या अंकात जिहेई घरी रजईखाली तोंड लपवून पडलाय आणि रडतोय. ओसान रजई ओढते. तो सांगतो की कोहारुला आता दुसरा माणूस पैसे भरून सोडवून नेणार, बाजारात माझी छीथू होणार. हे ऐकून ओसानचा चेहरा पांढरा पडतो, कारण चिठ्ठी तिची होती, तिनेच कोहारुला लिहून हात जोडले होते की माझ्या नवऱ्याला सोड, आणि कोहारुने शब्द पाळला होता. आता ती दुसऱ्याकडे जाणार नाही, ती जीव देईल, हे जिहेईला कळत नाही, ओसानला कळतं. आणि मग ही बायको काय करते, साठवलेले पैसे काढते, कपाटाचे खण एकेक करून उघडते, स्वतःचे किमोनो, मुलांचे कपडे सगळं गाठोड्यात बांधते की हे गहाण टाक आणि तिला सोडव. सोडवलंस तर मग तुझं काय, असं जिहेई विचारतो तेव्हा ती म्हणते की मुलांची दाई होईन, स्वयंपाकीण होईन. तो कपाटाचा प्रसंग हळू वाचा. प्रत्येक खण, प्रत्येक कपडा. लफड्याची गोष्ट दोन बायकांच्या एकमेकींना दिलेल्या शब्दावर उभी आहे आणि नवरा मधे नुसता रडतोय. आणि इतक्यात ओसानचा बाप दारात. असली नाटकं इतकी चालली आणि बघून इतके लोक मरायला लागले की पुढच्या दोनेक वर्षांत सरकारने शिंजूच्या नाटकांवर बंदी आणली.

कायदा. हा भाग रुक्ष वाटेल पण ह्याच्याशिवाय १९४७च्या आधीची एकही गोष्ट नीट लागत नाही. १९०७च्या जपानी दंड संहितेत कलम १८३ होतं, कान्त्सूचा गुन्हा, लग्न झालेल्या बाईने बाहेर संबंध ठेवले तर नवऱ्याच्या तक्रारीवरून तिला आणि त्या माणसाला दोन वर्षांपर्यंत कैद. नवऱ्याने अविवाहित बाईशी संबंध ठेवले तर काहीही नाही. युद्धानंतर नवी राज्यघटना आली, स्त्री-पुरुष समान झाले आणि १९४७मधे हे कलम काढून टाकलं. आपल्याकडच्या वाचकाला ह्यात ओळखीचं वाटेल, आपलं ४९७ कलम सुप्रीम कोर्टाने २७ सप्टेंबर २०१८ला रद्द केलं, त्यातही तक्रार नवऱ्याचीच, फक्त शिक्षा त्या परपुरुषाला होती, बाईला नव्हती. म्हणजे आपल्या कायद्यात बाई वस्तू होती आणि त्यांच्यात गुन्हेगार. दोन्हीकडे मालक नवराच. आजच्या जपानमधे फौजदारी गुन्हा नाही, पण नवरा किंवा बायको दिवाणी दावा करून जोडीदाराकडून आणि त्या तिसऱ्या माणसाकडूनही मनस्तापाची भरपाई मागू शकते, इशार्यो म्हणतात त्याला, आजच्या कादंबऱ्यांत वकिलाची पत्रं येतात ती ह्यासाठी.

जुना कायदा नुसता कागदावर नव्हता. कवी किताहारा हाकुशू १९१२मधे शेजारच्या विवाहित बाईशी असलेल्या संबंधापायी ह्याच कलमाखाली पकडला गेला, तुरुंगात राहून आला, आणि पुढे नवऱ्याशी तडजोड झाली तेव्हा प्रकरण मिटलं. १९२३मधे कादंबरीकार आरिशिमा ताकेओ आणि एका मासिकात काम करणारी विवाहित पत्रकार, तिच्या नवऱ्याला कळल्यावर दोघांनी कारुइझावाच्या बंगल्यात जीव दिला. त्यामुळे त्याच काळातल्या नात्सुमे सोसेकी ह्या कादंबरीकाराचं एखादं पात्र नुसतं खोलीत बसून घामाघूम होतं तेव्हा त्याला नाटकी म्हणू नका, त्याच्यासमोर खरोखर जेल आहे.

सोसेकीच्या दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचायच्या, 'सोरेकारा' १९०९ आणि 'मोन' १९१०, दोन्ही आसाही वर्तमानपत्रात रोज थोडी थोडी आलेल्या. 'सोरेकारा'मधे दाइसुके ज्या मुलीवर जीव होता तिचं लग्न मोठेपणा म्हणून स्वतःच मित्राशी लावून देतो आणि काही वर्षांनी ती परत समोर येते. मनातलं सांगायच्या दिवशी तो खोली पांढऱ्या लिलींनी भरून टाकतो, तो वास पानातून येतो. ही कादंबरी निर्णयापाशी थांबते. आणि 'मोन' जणू त्यानंतरची, पात्रं वेगळी आहेत, पण मित्राची बायको घेऊन बाहेर पडल्यावर सहा वर्षांनी काय उरतं ते. सोसुके आणि ओयोने उतारावरच्या कड्याखाली एका अंधाऱ्या भाड्याच्या घरात राहतात, मूल जगत नाही, एकमेकांवर खरंच जीव आहे. त्यांचं लफडं कसं झालं हे सोसेकी किती ओळीत सांगतो? अगदी थोडक्या. अचानक जोराचा वारा आला आणि बेसावध दोघांना पाडून गेला, असंच काहीतरी, आणि पुढे. पहिल्यांदा वाचताना मी मागची पानं उलटून बघत होते की माझं काही सुटलं का. काही सुटलेलं नसतं. ज्या ठिकाणी बाकी लेखक शंभर पानं लिहितील तिथे सोसेकी गप्प, आणि रविवारच्या दुपारी सोसुके व्हरांड्यात उन्हात लोळतो त्याला मात्र पानंच्या पानं.

मग एक दिवस घरमालकाकडून सहज बोलता बोलता कळतं की तोच जुना मित्र, यासुइ, त्यांच्याकडे जेवायला येणार आहे. सोसुके घरी येतो आणि बायकोला सांगत नाही. आता पान बघा, सहा वर्षं जे दोघं जगाविरुद्ध एक होते त्यांच्या मधेच ओळ पडली, त्याला माहीत आहे आणि तिला नाही. डोक्याला थकवा आलाय म्हणून सांगून तो कामाकुराच्या झेन मठात जाऊन बसतो आणि तसाच परत येतो. शेवटच्या पानावर ओयोने म्हणते बरं झालं, एकदाचा वसंत आला. तो मान खाली घालून नखं कापता कापता म्हणतो हो, पण लवकरच परत हिवाळा येईल. ती नखं कापणारी कात्री मला कुठल्याही शुराबापेक्षा भयंकर वाटते, आणि ओयोनेला ते वाक्य नुसतं हवामानाबद्दल वाटतं.

परत 'कागी'कडे. १९५६. छप्पन्न वर्षांचा प्राध्यापक, पंचेचाळिशीची बायको इकुको, मुलगी तोशिको आणि घरी येणारा तरुण किमुरा. पूर्ण पुस्तक म्हणजे नवऱ्याची डायरी आणि बायकोची डायरी, आलटून पालटून. नवरा पहिल्याच नोंदीत लिहितो की ही डायरी कुलपात ठेवतो, पण बायकोने वाचली तरी आता भीती नाही. बायकोला मुद्दाम टाकल्यासारखी किल्ली सापडते, ती लिहिते मी अशी नवऱ्याची डायरी वाचणारी बाई नाही, पण आता मीही लिहीन. मूळ जपानीत नवऱ्याच्या नोंदी काताकाना लिपीत आहेत आणि बायकोच्या हिरागाना लिपीत, म्हणजे पान उघडल्या उघडल्या नुसत्या अक्षराच्या वळणावरून कळतं कोण बोलतंय, त्याची अक्षरं टोकदार आणि तिची गोल. भाषांतरात हे जातं म्हणून आधीच सांगून ठेवते. आता इथे आपली पद्धत पणाला लागते, कारण डायरी समोरच्याने वाचावी म्हणूनच लिहिली असेल तर तिच्यात लिहिलेलं माहीत आहे म्हणायचं की दाखवलं जातंय म्हणायचं? मी इथे पानावर तिसरा रकाना काढला, हा काय माहीत असल्याचं दाखवतोय. शेवटाला इकुको जे सांगते त्याने मागच्या सगळ्या नोंदींचं काय होतं ते मी सांगणार नाही, पण तिच्या रकान्यात कमी लिहिलं असेल तर पस्तावाल. आणि मुलीची ओळ रिकामी ठेवू नका, सगळे वाचक तोशिकोला विसरतात, मी पण विसरले होते.

ह्याच तानिझाकीची जुनी कादंबरी, 'तादे कू मुशी', १९२८-२९ची, ह्याच्या बरोबर उलट आहे. तिथे नवऱ्याला सगळं माहीत आहे, बायको मिसाको आपल्या मित्राकडे जाते ते नवऱ्याच्या संमतीने जाते, दोघं शांतपणे घटस्फोटाच्या गप्पा मारतात आणि ठरवत मात्र नाहीत, आज नको, मुलाची सुट्टी आहे, पुढच्या महिन्यात बघू. लपवाछपवी फक्त दहा-बारा वर्षांच्या मुलापासून. सुरुवातीलाच हे नवरा-बायको सासऱ्याबरोबर कठपुतळ्यांचा खेळ बघायला जातात आणि तिथे कुठलं नाटक चालू असतं, तर 'आमिजिमा', तीच ओसान, तीच कोहारु. म्हणून मी चिकामात्सु आधी वाचायला सांगते. दोनशे वर्षांपूर्वीच्या लाकडी बायका जीव तोडून रडतायत आणि खाली हे दोघं सुशिक्षित, समजूतदार, एकमेकांना लागू नये म्हणून अंग चोरून बसलेत. तानिझाकीने हे जगूनही पाहिलं, १९३०मधे त्याने, त्याची बायको चियो आणि लेखक सातो हारुओ अशा तिघांनी मिळून ओळखीच्यांना छापील पत्रं पाठवली की आमचा घटस्फोट होतोय आणि चियो हारुओशी लग्न करतेय. वर्तमानपत्रांनी उचलून धरलं, लोक हादरले.

एकमेकांना हाक काय मारतात तिकडे कान ठेवा, इथे मराठी वाचकाची बाजू इंग्रजी वाचकापेक्षा भक्कम आहे. बायको नवऱ्याला अनाता म्हणते ते बरचसं आपल्या 'अहो'सारखं, आणि नवरा ओमाए म्हणतो ते 'तू', त्यातलाही जरा वरून आलेला. बाहेरच्या माणसाची बायको ती ओकुसान, म्हणजे वहिनीसाहेब म्हटल्यासारखं अंतर ठेवून. आता एखादा माणूस मित्राच्या बायकोला ओकुसान म्हणत होता आणि एका पानावर तिचं नाव घेतो, तर समजून जा, शरीराने काही झालं असो नसो, उंबरा ओलांडला. 'अहो' म्हणणारी बाई एकदम 'तू' म्हणाली की आपल्या काळजात जसं चर्र होतं तसंच. इंग्रजीतून वाचत असाल तर हे सगळं एकाच शब्दात चेचलं जातं, म्हणून नावाला आदराचं 'सान' लावलंय की गळलंय एवढं तरी बघत राहा.

व्याकरणातही एक गोष्ट आहे. जपानीत पळून गेली बायको पण वाक्याचा कर्ता नवरा होऊ शकतो, त्सुमा नि निगेरारेता, म्हणजे शब्दशः त्याला बायकोचं पळून जाणं सोसावं लागलं. सोसण्याचा कर्मणी प्रयोग. पावसाने गाठलं तरी हेच रूप. अडल्ट मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आणि गेममधे नेतोरारे नावाचा जो प्रकार आहे, आपलं माणूस दुसऱ्याने नेणं, त्या शब्दातही हेच सोसण्याचं रूप बसलंय. तिथे गोष्ट घेऊन जाणाऱ्याची असेल तर शब्द वेगळा, नेतोरी, आणि गमावणाऱ्याची असेल तर नेतोरारे, म्हणजे कोणाच्या डोळ्यांनी बघायचं हे कव्हरवरच सांगितलेलं असतं. हा प्रकार उघडपणे प्रौढांसाठी आहे, कव्हरवरची १८ची खूण बघा, आणि अनेक ठिकाणी फसवणूक आणि जबरदस्ती यांची सरमिसळ केलेली असते ती मला वाचवत नाही, मी तिथे पुस्तक बंद करते आणि तुम्हीही बिनधास्त करा, पूर्ण वाचलंच पाहिजे असं काही नाही. पण एवढं नक्की, गमावणाऱ्याच्या डोळ्यांनी बघायची ही सवय गेंजीच्या पंखा शोधण्यापासून चालत आलीये.

बायकांनी लिहिलेलं वाचायचं असेल तर सेतोउचीची 'नात्सु नो ओवारी', १९६३. इथे आपण 'तिसऱ्या' बाईच्या घरात आहोत, तोमोको, कापड रंगवण्याचं काम करून स्वतः कमावणारी, आणि तिचा माणूस वर्षानुवर्षं ठरल्यासारखा काही दिवस बायकोकडे आणि काही दिवस हिच्याकडे राहतो. बायकोला माहीत आहे, आणि ती बायको क्वचितच दिसते, पण तिने शिवलेले, धुतलेले कपडे घालून तो इकडे येतो. सेतोउची पुढे १९७३मधे बौद्ध भिक्षुणी झाली, जाकुचो नाव घेतलं, आणि सत्तरी ओलांडल्यावर पूर्ण 'गेंजी' आजच्या जपानीत आणला. २०२१मधे ९९व्या वर्षी गेली.

वातानाबे जुनइचीच्या 'शित्सुराकुएन'बद्दल विचारतात सगळे, १९९७ची, आधी निक्केई ह्या अर्थविषयक वर्तमानपत्रात रोज यायची, लाखोंनी खपली, त्या वर्षी पुस्तकाच्या नावाचं क्रियापद झालं, शित्सुराकुएन करणे म्हणजे लफडं करणे. ऑफिसात अडगळीत टाकलेला पन्नाशीचा संपादक आणि सुंदर अक्षर शिकवणारी विवाहित बाई. वाचा, पण सगळ्यात शेवटी वाचा. शृंगार भरपूर आहे आणि शेवट चिकामात्सुचाच आहे, तो मागचं वाचलेलं असेल तरच लागतो. माझ्या मते त्यातली बायको, संपादकाची, फारच थोडी येते, आणि मला तेवढ्यासाठी ती कमी पडते.

जपानी थोडंफार येत असेल तर आओझोरा बुन्को ह्या साइटवर सोसेकी पूर्ण फुकट आहे, तानिझाकीचे हक्क पण जपानमधे २०१६पासून मोकळे झालेत. नसेल तर इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात. नावं वाचताना आडनाव आधी, इनोउए हे आडनाव आणि यासुशी हे नाव.

आणि सुरुवात इनोउए यासुशीपासूनच करा, 'र्योजू', १९४९, शिकारीची बंदूक. एका बैठकीत संपेल एवढं छोटं पुस्तक. मिसुगी नावाच्या माणसाला तीन बायकांनी लिहिलेली तीन पत्रं, आधी त्याच्या प्रेयसीच्या मुलीचं, शोकोचं, जिला आईच्या डायरीतून कळलंय, मग बायकोचं, मिदोरीचं, आणि शेवटी ती डायरी लिहिणाऱ्या साइकोचं. मिदोरीच्या पत्रात एक जागा आहे, ती व्हरांड्यात बसलीये, मागे नवरा बंदूक साफ करतोय, आणि समोरच्या काचेत तिला दिसतं की त्याने ती बंदूक हळूच तिच्या पाठीवर रोखलीये. ती काचेत बघत राहते.

पहिलं पत्र संपलं की पुस्तक बंद करा. पानावर तिघींची आणि मिसुगीची नावं लिहा. मिदोरीच्या नावापुढे तुम्हाला काय वाटतं ते लिहून काढा, तिला माहीत आहे का, असेल तर कधीपासून. रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी तिचं पत्र वाचा, मग परत एकदा तिची ओळ लिहा, आणि साइकोचं पत्र उघडायच्या आधी साइकोची. खोडरबर जवळ असू द्या, माझी मिदोरीची ओळ तीनदा खोडून झाली होती आणि कागद तिथे पातळ झालाय.